हॅचबॅकच्या भावात ई-क्लास: जुनी आलिशान गाडी घेण्याआधी

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका फटक्यात १५० मर्सिडीज-बेंझ खरेदी केल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. त्या पिढीतल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी आज पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तिसऱ्या-चौथ्या मालकासाठी उभ्या आहेत. नवी असताना चाळीस-पन्नास लाखांना घेतलेली ई-क्लास किंवा ५ सीरिज आता नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. मोह होणं साहजिक आहे, आणि त्यात गैर काही नाही. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जाताना ही गाडी ज्या ठामपणे रस्ता धरते, तो ठामपणा त्या भावातल्या कुठल्याही नव्या गाडीत मिळत नाही.

पण एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या. गाडीचा भाव पन्नास लाखांवरून आठ लाखांवर आला, तरी तिच्या हेडलाइटचा, इंजेक्टरचा, गिअरबॉक्सचा भाव उतरत नाही. तो पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. तुम्ही आठ लाख मोजता आणि देखभाल पन्नास लाखांच्या गाडीची करता. या व्यवहारात पोळलेल्या बहुतेकांनी पहिला आकडा पाहिलेला असतो, दुसरा नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला पैशांचा. हातात दहा लाख असतील तर गाडी सात लाखांची बघा. उरलेले तीन लाख पहिल्या वर्षासाठी राखून ठेवा. आधीच्या मालकाने विकायचं ठरवल्यावर टायर, ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी अशी सगळी कामं पुढे ढकललेली असतात आणि ती तुमच्याच वाट्याला येतात. त्यानंतरही दर वर्षी दीड लाख रुपये बाजूला काढता यायला हवेत. एखाद्या वर्षी त्यातले चाळीस हजारच लागतील, पुढच्या वर्षी अडीच लाख जातील. खर्च असा गठ्ठ्याने येतो, हीच या गाड्यांची अडचण आहे. गाडीसाठी कर्ज काढावं लागत असेल तर नवी साधी गाडी घ्या. हप्ता आणि गॅरेजचं बिल एकाच महिन्यात आलं की माणूस दुरुस्ती टाळतो, आणि टाळलेली दुरुस्ती या गाड्यांमध्ये फार महागात पडते.

“मर्सिडीज टिकते का?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कुठलं इंजिन, कोणत्या वर्षाचं, कोणता गिअरबॉक्स, यावर सगळं ठरतं. एकाच मॉडेलची एक गाडी तीन लाख किलोमीटर सहज जाते आणि दुसरी एका लाखाच्या आत मालकाला रडवते. त्यामुळे थोडं खोलात जाऊ.

ई-क्लासची डब्ल्यू २१२ ही पिढी २००९ ते २०१६ या काळातली. आपल्या बाजारात तिची ई २२० सीडीआय आणि ई २५० सीडीआय ही डिझेल रूपं जास्त दिसतात. दोन्हींत २१४३ सीसीचं एकच चार सिलिंडरचं इंजिन आहे, कंपनीच्या भाषेत ओएम ६५१. मूळ इंजिन दणकट आहे. मात्र सुरुवातीच्या काही वर्षांतल्या गाड्यांना डेल्फीचे पिझो इंजेक्टर होते आणि ते मोठ्या प्रमाणावर खराब झाले. कंपनीने पुढे त्यांच्या जागी सोलेनॉइड पद्धतीचे इंजेक्टर बसवले. २००९ ते २०११ दरम्यानची गाडी बघत असाल तर ते बदलले का, कधी बदलले, याचा कागद मागा. तोंडी उत्तरावर जाऊ नका. २०१३ मध्ये या पिढीचा चेहरा बदलला, तोवर या तक्रारी बऱ्याच निवळल्या होत्या. या लेखातल्या सगळ्या गाड्यांमधून एकच सुचवायची झाली तर मी २०१३ नंतरची ई २५० सीडीआय सुचवीन.

या गाडीचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही चांगला आहे, पण त्याच्या आत तेलात बुडालेली एक इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. तिच्यावरचा सेन्सर गेला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि रखडत चालते. अशा वेळी अननुभवी गॅरेजवाला “गिअरबॉक्स बसला” असं सांगून मोकळा होतो आणि मालक घाबरून गाडी मिळेल त्या भावाला काढतो. कंपनीच्या स्कॅनरवर तपासल्याशिवाय हे निदान मान्य करू नका. पट्टी बदलणं स्वस्त नसलं तरी पूर्ण गिअरबॉक्सच्या तुलनेत तो खर्च किरकोळ आहे.

ई ३५० सीडीआयचं व्ही ६ डिझेल इंजिन चालवायला अतिशय सुंदर. त्यात ऑइल कूलरची सील्स सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवलेली आहेत. वयाने ती कडक होतात आणि तेल गळू लागतं. सील्स अगदी स्वस्त असतात. पण तिथवर हात पोहोचण्यासाठी इनटेक मॅनिफोल्डपासून टर्बोपर्यंत बरंच काही उतरवावं लागतं, आणि खरं बिल होतं मजुरीचं. या गाड्यांमध्ये असं वारंवार घडतं, म्हणून अंदाजपत्रक मागताना “पार्ट केवढ्याचा?” एवढंच विचारू नका, “किती तासांचं काम?” हेही विचारा. ई २०० सीजीआय या पेट्रोल गाडीत टायमिंग चेन सैल होण्याची तक्रार आहे. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर ती गाडी सोडून द्या.

चेनचाच विषय बीएमडब्ल्यूमध्ये जास्त गंभीर आहे. एफ १० पिढीच्या ५ सीरिजमधली (२०१० ते २०१७) ५२० डी आपल्याकडे सर्वाधिक दिसते. तिच्या पहिल्या काही वर्षांतलं एन ४७ डिझेल इंजिन टायमिंग चेनसाठी बदनाम आहे. ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसवलेली आहे. ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ती धावत्या गाडीत तुटली तर इंजिन आतून फुटतं. साधारण २०११ पर्यंतच्या इंजिनांत धोका अधिक. २०१४ च्या सुमारास त्याच्या जागी बी ४७ इंजिन आलं. ५२० डी घ्यायचीच असेल तर बी ४७ वालीच घ्या, दीड-दोन लाख जास्त मोजावे लागले तरीही.

तिचा आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स मात्र जगातल्या उत्तम ऑटोमॅटिकपैकी एक आहे. त्यातलं तेल ‘आयुष्यभर बदलायचं नाही’ असं मालकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. यात फिल्टर प्लास्टिकच्या तेलटाकीतच असतो, त्यामुळे टाकीसकट बदलावा लागतो. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत हे काम झालेलं नसेल तर तेवढा खर्च भावातून वजा करून बोला. शिवाय २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने ईजीआर कूलरमधल्या गळतीमुळे आग लागण्याच्या धोक्यापायी जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. बघत असलेली गाडी त्या यादीत होती का आणि काम झालं का, हे चॅसी नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कळतं.

ऑडीबद्दल थोडक्यात. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली ए ६ आरामात कुणाला हार जाणारी नाही, पण २०१५ च्या बदलाआधीच्या २.० टीडीआयला मल्टिट्रॉनिक हा सीव्हीटी गिअरबॉक्स आहे. जुन्या झालेल्या मल्टिट्रॉनिकच्या वाटेला मी कुणालाही जाऊ देणार नाही. साधारण २००८ ते २०१२ मधल्या टीएफएसआय पेट्रोल इंजिनांना ऑइल पिण्याची खोड आहे, आणि पिस्टन रिंग बदलल्याशिवाय ती जात नाही.

एस-क्लास आणि ७ सीरिज या गाड्या तर सर्वाधिक घसरलेल्या भावात दिसतात. डब्ल्यू २२१ एस-क्लासचं हवेवरचं सस्पेन्शन, त्याचा कॉम्प्रेसर, ७५० एलआयचं एन ६३ व्ही ८ इंजिन, यातलं एक काम निघालं तरी वर सांगितलेला वर्षाचा राखीव निधी एका दिवसात संपतो. घरात दुसरी रोजची गाडी नसेल तर यांच्याकडे वळू नका.

आणि ज्याला मोठी, शांत, आरामदायी सेदान हवी आहे पण बॉनेटवरच्या चिन्हाचं फारसं अप्रूप नाही, त्याने टोयोटा कॅमरी पाहावी. २०१३ पासून तिचं हायब्रिड रूप बंगळुरूजवळच्या बिडदीला जुळवलं जातं. त्यात टर्बो नाही, नेहमीचा क्लच नाही, गिअरबॉक्सची रचनाही साधी. हायब्रिड बॅटरीची तब्येत तेवढी सर्व्हिस सेंटरमधून तपासून घ्या. टिकाऊपणात वरची एकही गाडी तिच्या जवळपास येत नाही.

आता प्रत्यक्ष गाडी बघायला जाताना. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. चेनची खडखड, थंड इंजिनाचा धूर, ओबडधोबड आयडलिंग हे सगळं पहिल्या मिनिटातच कळतं आणि इंजिन तापलं की लपतं.

किलोमीटरच्या आकड्याला फार भुलू नका. बारा वर्षांत ४५ हजार किलोमीटर झालेली गाडी बाजारात सोन्याच्या भावाने विकली जाते. पण रबराचे बुश, कूलंटचे प्लास्टिकचे पाइप, एक्स्पान्शन टाकी, गॅस्केट यांचं वय चाकांवर मोजलं जात नाही. आपल्या उन्हाळ्यात दहा-बारा वर्षांनी ते सगळं ठिसूळ होतंच. मुंबईच्या रहदारीत अर्धा-अर्धा तास रांगेत तापलेल्या ४५ हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा नियमाने सर्व्हिस झालेली, मुख्यतः महामार्गावर धावलेली १ लाख २० हजारांची गाडी मला जास्त भरवशाची वाटते. आणि तो ४५ हजारांचा आकडा खरा असेलच असं नाही. मीटर मागे फिरवणारे प्रत्येक शहरात आहेत. मात्र या गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर काही युनिटांतही राहते, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात प्रत्येक भेटीचा आकडा तारखेसह असतो. मालकाला बरोबर घेऊन जा आणि चॅसी नंबरावरून पूर्ण इतिहास काढून घ्या. इतिहास नाही, फाइल हरवली, सगळी कामं ओळखीच्या मिस्त्रीकडे केली, अशी उत्तरं मिळाली तर गाडी कितीही चकचकीत असली तरी भाव निम्मा समजा किंवा सरळ परत फिरा.

स्कॅनरची तपासणी टाळू नका. बाजारात मिळणारा हजार-दोन हजारांचा ओबीडी स्कॅनर पुरेसा नाही. तो इंजिनापलीकडे फारसं वाचत नाही. मर्सिडीजसाठी झेन्ट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, ऑडीसाठी ओडिस ही प्रणाली असलेल्या ठिकाणीच गाडी न्या. एकही दोष दिसला नाही तर लगेच खूश होऊ नका. दाखवण्यापूर्वी दोष पुसून टाकणं ही नेहमीची युक्ती आहे. आधी तीस-चाळीस किलोमीटर चालवा आणि मग पुन्हा स्कॅन करा.

महाराष्ट्रात आणखी एक तपासणी अत्यावश्यक आहे, ती पाण्याची. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर, २०२१ चा चिपळूणचा पूर, शिवाय २०१५ मध्ये चेन्नईत बुडालेल्या गाड्या. पुरातल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या असं समजू नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला गाळाची रेघ आहे का पाहा. सीटखालच्या रुळांवरचा गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातला चिखल, गालिच्याखालचा ओलावा, हे सगळं हाताने चाचपून बघा. पूर नसला तरी पाणी आत येतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत सनरूफच्या आणि काचेखालच्या निचऱ्याच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पावसाचं पाणी गालिच्याखाली साठतं. अनेक जर्मन गाड्यांची इलेक्ट्रॉनिक युनिटं नेमकी गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. एकदा ती भिजली की दर पावसाळ्यात नवा दोष निघतो आणि मूळ कारण सापडता सापडत नाही. गाडी घेतल्यावर दर मे महिन्यात त्या नळ्या साफ करून घ्या. काम शे-दोनशेचं, वाचणारा खर्च लाखातला.

ट्रायल निदान अर्धा तास घ्या. एसी भर दुपारी तपासा. गतिरोधकावरून हळू जाताना पुढून टकटक आली तर लोअर आर्म किंवा बुश गेलेले आहेत. वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क. टायरवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा-सात वर्षांपूर्वीचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेच लागतात, आणि बीएमडब्ल्यूचे रन-फ्लॅट टायर साध्यांहून बरेच महाग असतात. बीएमडब्ल्यूत बॅटरी बदलल्यावर ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर नवी बॅटरीही लवकर संपते.

विम्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकानुसार ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे, तो काही जड नाही. खरी मेख फर्स्ट पार्टीत आहे. झीरो डेप बहुतेक कंपन्या इतक्या जुन्या गाडीला देत नाहीत. म्हणजे प्लास्टिक, रबर, टायर यांच्या बदलात निम्मा खर्च तुमचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. आठ लाखांची आयडीव्ही असलेल्या ई-क्लासला समोरून मध्यम टक्कर झाली तरी दोन हेडलाइट, रेडिएटर, बंपर, एअरबॅग मिळून सहा लाखांची रेघ ओलांडली जाऊ शकते. रस्त्यावर आणता येण्याजोगी गाडी कागदोपत्री संपते. म्हणून विमा उतरवताना आयडीव्ही कमी करून हप्ता वाचवू नका. इंजिन संरक्षणाची जोड मिळत असेल तर जरूर घ्या. आणि गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

कागदपत्रांत बँकेचा बोजा उतरला का, ई-चलनं बाकी आहेत का, हे आधी पाहा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात, तेव्हा सही करणाऱ्याला तसा अधिकार असल्याचं पत्र मागा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून नूतनीकरण, त्यासाठी २०२२ पासून ५,००० रुपये शुल्क, आणि आपल्या राज्यात वर पर्यावरण कर. २०११ ची गाडी घेताना ही वेळ आलीच आहे हे धरून चाला.

दिल्लीच्या गाड्या का स्वस्त असतात, हे अनेकजण विचारतात. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे अंमलबजावणी कधी कडक तर कधी सैल झाली, तरी तिथले मालक दहावं वर्ष गाठण्याआधीच गाड्या काढतात आणि त्या आपल्याकडे येतात. गाडी चांगली असू शकते. पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि आरटीओच्या खेपा हे सगळं धरून भाव काढा. एनओसी हातात येण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका.

गाडीआधी गॅरेज शोधा, हे मी आग्रहाने सांगतो. वॉरंटी संपलेल्या या गाड्यांसाठी पुण्या-मुंबईत चांगली स्वतंत्र गॅरेजं आहेत. तिथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा मजुरी पुष्कळ कमी पडते. बॉश, झेडएफ, लेमफर्डर, मान, माहले, सॅक्स हेच कारखाने कंपनीला पार्ट पुरवतात आणि आपल्या नावाच्या खोक्यातही विकतात, ते स्वस्त पडतात. ओळख नसलेल्या ब्रँडचा सस्पेन्शन आर्म किंवा ब्रेक पॅड मात्र कधीही लावू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी राहत असाल आणि जवळचं जाणकार गॅरेज दोनशे किलोमीटरवर असेल, तर गाडी बंद पडल्यावर टोइंगचा खर्चही दर वर्षाच्या हिशोबात धरा.

शेवटी, बयाणा देण्याआधी तीन गोष्टी हातात असू द्या: चॅसी नंबरावरून काढलेला सर्व्हिसचा पूर्ण इतिहास, कंपनीच्या प्रणालीवरचा स्कॅन, आणि तुमच्या गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेऊन खालून तपासल्याचा लेखी अहवाल. या तपासणीचे पाच-दहा हजार तुम्हीच भरा, त्यात काटकसर करू नका. विक्रेता यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार करून परत या. तसली गाडी पुढच्या महिन्यात पुन्हा बाजारात मिळेल.